दुसऱ्यांदा, वरच्या पट्टीत

९ फेब्रुवारी

शिडे,

अक्षर सुनेचं आहे, शब्द माझे. सून शाळेत शिकवते, त्यामुळे मी बोलते आणि ती लिहिता लिहिता मला तपासतेही. आत्ताच विचारत होती, "आई, 'मेली' असं खरंच लिहायचं?" म्हटलं, लिही बाई. तिला मेली म्हटलं नाही तर पत्र भलत्याच कोणाचं आहे असं समजून ती परत पाठवेल.

तर मेले, फोन का उचलत नाहीस? आपण शहरातून येऊन आठ दिवस झाले. तुझी लेक म्हणते, "आई कामात आहे." निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेल्या बाईला कसलं आलंय काम? म्हणून शेवटी पत्र. फोन नुसता वाजू देता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

सहलीचं सगळं मी घरात सांगून टाकलंय. मला सत्तर पूर्ण झाली म्हणून लेकाने आणि सुनेने दोन दिवसांची दोन संगीत नाटकं भेट दिली आणि विचारलं, "सोबत कोणाला नेणार?" मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, शिडीला. पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत जिच्यासमोर उभी राहिले, तिच्याशेजारी दोन दिवस बसून बघावं म्हटलं.

लॉजची खोली सांगितली. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागत होती आणि तू म्हणालीस, "बरं आहे, पडायची भीती नाही." पलंगावरची चादर तू नाकाशी धरलीस आणि निकाल दिलास, "नीळ जास्त." मग ती काढून, झटकून, ताणून आपण दोघींनी पुन्हा घातली. लॉजवाला दारात उभा राहून बघत होता, त्याला वाटलं आपण तपासणीला आलोय.

शनिवारच्या नाटकातल्या राजाचंही सांगितलं. त्याची अर्धी मिशी सुटली आणि त्याने ती बोटाने दाबून अख्खं गाणं म्हटलं. तू कानात म्हणालीस, "विचारात पडलाय असं दाखवतोय. हुशार आहे मेला." आपल्या हसण्याने बाल्कनीतली ती रांगच्या रांग हलत होती. सून ऐकून इतकी हसली की चहा सांडला.

आणि हेही सांगितलं की दोन दिवस तू माझे डोळे झालीस. खुर्चीचा आकडा, दाराची पाटी, नटांची नावं, 'येथे थुंकू नये'सुद्धा वाचून दाखवलंस, जसं काही मी थुंकणारच होते.

रविवारचा दुपारचा खेळही छानच झाला. मध्यंतरानंतर तुझं डोकं दुखायला लागलं म्हणून तू बाहेर जाऊन बसलीस, एवढंच काय ते गालबोट. एवढे दिवे, एवढी माणसं. होतं तसं. आता बरं आहे ना डोकं?

अंगठा उमटवलाय. सून म्हणते शाई फार झाली. म्हटलं, असू दे, माझं सगळंच फार असतं.

तुझी बुटकी

२५ फेब्रुवारी

शिडे,

पंधरा दिवस झाले. पोस्टातून तुझं काही नाही, फोन नाही, शिवीसुद्धा नाही. तुझी शिवी न ऐकता इतके दिवस मी कधी काढले नव्हते. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस तेव्हाही खिडकीतून देऊन गेली होतीस.

काल चादरी वाळल्या. सून एकटीच पलंगावर पसरून घडी घालते, टोकाला टोक मिळत नाही, कपाटात नुसते बोळे. म्हणून लेकाला म्हटलं, धर रे दोन टोकं. तर तो धरून उभाच! मी पुढे आले तरी हा जागचा हलेना. मग हलला तो मागेच जायला लागला. चादर मधोमध जमिनीला टेकली. "काय रे," म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे काम करतेय, तुला रक्तातून तरी यायला हवं होतं." तो म्हणाला, "आई, तू काहीतरी पुटपुटलीस आणि थांबलीस. मला वाटलं, मीही थांबायचं."

मी पुटपुटले होते, हे मलाच माहीत नव्हतं. आपलं गाणं होतं.

सुनेने विचारलं, कुठलं गाणं? तिला सगळं सांगावं लागलं. वाफेच्या मशीनमधून चादर निघायची ती गरम असायची, फार वेळ हातात धरवायची नाही. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, आणि एकमेकींकडे चालत यायचं. पावलं जुळली नाहीत तर चादर फरशीला लागणार आणि मुकादम ती पुन्हा धुवायला टाकणार. म्हणून गाणं. तू म्हणायचीस,

धुतली गं, पिळली गं, वाऱ्यावर टाकली गं,
कोणाची गं ही कोणाची?

आणि मी उत्तर द्यायचं,

माझी गं माझी, टोकं धर तुझी.

उत्तर मिळालं की पाऊल उचलायचं. मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, तर तू ते दुसऱ्यांदा म्हणायचं, वरच्या पट्टीत. दुसऱ्यांदा तर ऐकू जायचंच. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ पस्तीस वर्षांत आली नाही.

सून म्हणाली, "किती छान! मग इतकं हळू आवाजात का सांगताय?"

बरं. आता तिच्या हातून लिहिलं जातंय, तेवढ्यात बसेल तेवढं सांगते. तुझं डोकं दुखत नव्हतं. तू नाटकात गायलीस. लोकांनी वळून बघितलं. डोअरकीपर आला आणि तू बाहेर गेलीस. मी आत राहिले, कारण अंधार होता, रांग अरुंद होती आणि माझा गुडघा धरला होता.

सूनबाई मान वर करून बघताहेत. विचारतात, "आई, गुडघा? त्या दिवशी तर तुम्ही बसमधून उडी मारून उतरलात."

तिला म्हटलं, तू लिहायचं काम कर.

बुटकी

१४ मार्च

शिडे,

हे अक्षर बघून दचकू नको. सुनेचं नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर निवृत्त पोस्टमन राहतो. आयुष्यभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, म्हणून म्हटलं, माझं एक लिहून घेईल आणि विसरून जाईल. सुनेसमोर जे सांगता येत नव्हतं ते इथे सांगते.

पण माझं नशीब बघ. त्याला कमी ऐकू येतं. माझी लाज मला जिन्यात बसून ओरडून सांगावी लागतेय. वरच्या मजल्यावर कोणीतरी कुकरचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

तर ऐक.

मध्यंतरात तू पाण्याच्या रांगेत उभी होतीस. तेवढ्यात कोण यावं? सुनेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नातीच्या वाढदिवसाला घरी आल्या होत्या, म्हणून ओळखलं त्यांनी. माझ्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. "इथून छान दिसतंय," म्हणत तिथेच बसल्या. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाल्या, "सूनबाई सांगत असतात तुमचं. हॉस्पिटलात मेट्रन होता म्हणे. सगळ्या नर्सांवर देखरेख, केवढं जबाबदारीचं काम!"

मेट्रन! शिडे, मेट्रनबाई आपल्या लाँड्रीच्या दारातून आत पाऊलही टाकत नव्हत्या, नाकाला रुमाल लावून बाहेरूनच बोलायच्या. आणि मी काय म्हणाले? "हो, होतं खरं."

पोस्टमन म्हणतो, "पुन्हा सांगा." हो, होतं खरं! लिहिलंस? लिही.

आणि हात शालीखाली घेतले. आपल्या सगळ्यांच्या मनगटावर मशीनच्या रोलरचा तो भाजल्याचा पट्टा आहे ना, तो दिसू नये म्हणून.

मग तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि तू अंधारात चाचपडत येऊन माझ्या या बाजूला बसलीस. मी तुझी ओळख करून दिली नाही. मनात म्हणत होते, देवा, आता हिने फक्त तोंड उघडू नये.

नाटकात नदी आली. दोन बायका दोन्हीकडून आल्या, चार टोकं धरून पांढरंशुभ्र लांबलचक कापड पसरलं आणि लाटा करायला लागल्या. तू कुजबुजलीस, "ढिलं धरलंय मेल्यांनी. मध्ये पोट आलंय." मी हसले नाही. तेवढ्यात वाद्यं थांबली. त्या दोघी कापड धरून एकमेकींकडे चालायला लागल्या आणि सगळं नाट्यगृह गप्प.

आणि तू गायलीस.

मी तुला ओळखते. तू खोडी काढायला नाही गायलीस, मिरवायलाही नाही. दोन बायका, चार टोकं, मध्ये पांढरं कापड आणि कोणी काही म्हणत नाही, हे तुझ्या गळ्याला सहनच झालं नसतं. त्या पोरींची पावलं चुकतील म्हणून तू म्हटलंस. "कोणाची गं ही कोणाची?" आणि माझ्याकडे वळलीस.

मी समोर बघत राहिले.

तुला वाटलं, ऐकू गेलं नाही. नियमच होता आपला. म्हणून तू दुसऱ्यांदा म्हटलंस, वरच्या पट्टीत.

सातशे माणसांनी ऐकलं. पुढची माणसं वळली, मागची हसली. एक जण म्हणाला, "आजीबाईंना स्टेजवर घ्या." मुख्याध्यापिका वाकून बघायला लागल्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन आला, उजेड तुझ्या हातांवर टाकला, मग माझ्या तोंडावर. हळूच विचारलं त्याने, चांगला माणूस होता, "या तुमच्यासोबत आहेत का?"

मी म्हणाले, माझ्यासोबत नाहीत.

पोस्टमन पुन्हा विचारतो, काय म्हणालात?

माझ्यासोबत नाहीत!

आता कानाला हात लावून बसलाय. तिसऱ्यांदा ओरडले, शिडे. माझ्यासोबत नाहीत! वरचं दार उघडल्याचा आवाज आला. येऊ दे कोण येतंय ते.

पस्तीस वर्षांत तुला पहिल्यांदा 'अहो' केलं, ते तुला झटकायला.

आणि तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. पिशवी उचललीस आणि त्याला म्हणालीस, "बरोबर आहे. मी एकटीच आलेय." माझं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेऊन गेलीस. नको होतं गं घ्यायला. चारचौघांत माझ्या झिंज्या धरायच्या होत्यास.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. मी सगळं नाटक बघितलं. आवडलं मला, हे सांगायची जास्त लाज वाटते. शेवटी त्या नायिकेला तिची सखी दगा देते तिथे मी रुमाल भिजवला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "किती हळव्या आहात हो तुम्ही." डोळ्यांना लाज नसते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

सुटल्यावर त्या म्हणाल्या, "गाडीतून सोडू?" म्हटलं, न्यायला येणार आहेत. कोण येणार होतं? गर्दीने ढकललं त्या दाराने बाहेर आले. तिन्ही दारांवर पाट्या, मला तिन्ही सारख्याच. लॉज डावीकडे की उजवीकडे, कोणत्या बसने यायचं, काही ठाऊक नाही, आणि सगळं वाचणारी मीच बाहेर काढलेली.

तू समोरच्या फुटपाथवर उभी होतीस. तिन्ही दारं दिसतील अशी जागा धरून. दीड तास.

दोन पावलं पुढे चाललीस, पण प्रत्येक वळणाला मी येईपर्यंत थांबलीस. लॉजवरून सामान घेतलंस, माझी बस शोधलीस, मला खिडकीपाशी बसवलंस आणि कंडक्टरला म्हणालीस, "या बाईंना शेवटच्या थांब्यावर उतरवा. त्यांना पाट्या वाचता येत नाहीत." मलाही 'त्यांना'. मग मागे न बघता तुझ्या बसकडे गेलीस.

फिटंफाट झाली असं तुला वाटलं असेल तर नाही झाली. तू परकी म्हणून बोललीस आणि आपली म्हणून वागलीस. मी उलट केलं.

पोस्टमन म्हणतो, कागद संपला. मला वाटतं संपला नाही. त्याला पुढचं लिहवत नाहीये.

बुटकी

३० मार्च

शिडे,

पुन्हा सुनेचं अक्षर. वरचं दार उघडलं होतं ना, ते आमचंच होतं.

जिना चढून आले तर ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी. मला वाटलं, आता ऐकवेल, शाळेत माझी नाचक्की करता म्हणून. तर ती म्हणाली, "आई, मेट्रन मी सांगितलं होतं. तुम्ही नाही." म्हटलं, मला ठाऊक आहे. म्हणाली, "पहिल्या वर्षी कोणीतरी विचारलं, सासूबाई काय करायच्या, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मग तेच चालू राहिलं." दोघी जणी एका टेबलाशी बसलो, एकीने सांगितलेलं खोटं आणि दुसरीने नेसलेलं. इतक्या वर्षांत आमचं इतकं जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकांकडे गेली आणि खरं सांगून आली. मी जा म्हटलं नव्हतं. त्या काय म्हणाल्या ऐक. म्हणाल्या, "मला त्या दिवशीच वाटलं. बॅटरी त्या गाणाऱ्या बाईंच्या हातावर पडली तेव्हा पट्टा दिसला. तसाच पट्टा वाढदिवसाला केक कापताना तुमच्या सासूबाईंच्या हातावर होता. पण त्या नाही म्हणाल्या, मग मी कशाला बोलू?"

म्हणजे बघ. ज्यांच्यापासून झाकायचं त्यांनाही झाकलं गेलं नाही. मी तुला फुकटच सोडलं. त्या आता मला काय समजत असतील ते असो. हॉस्पिटलची घाण धुतली याचं कोणी काही समजलं असतं तर चाललं असतं. मैत्रिणीला नाकारलं, याचं मात्र जे समजतील ते खरं असेल.

सून लिहिता लिहिता थांबलीय. म्हणते, "आई, माफी मागितली असं अजून कुठेच आलं नाही."

तपासतेच सगळं. बरोबर आहे तिचं. गमती सांगितल्या, नशिबाला नावं ठेवली, पोस्टमनला बहिरं म्हटलं, आणि तेवढं एक राहिलं. शिडे, माझं चुकलं. मला तुझी लाज वाटली. तू गायलीस याची नाही, तू गायलीस त्यावरून मी कोण ते कळेल याची. माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू बघ. चुकलं एवढं म्हणते.

तुझ्या लेकीने काल सुनेला फोनवर सांगितलं की तिन्ही पत्रं उशीखाली आहेत. उघडलेली. तिने विचारलं, "उत्तर लिहू का?" तर तू म्हणालीस, "उत्तर देण्याची पाळी माझी नाही."

मला कळलं. सुनेला कळलं नाही, पण ती लाँड्रीत नव्हती.

येत्या रविवारी मी येतेय. एकटी. लेक म्हणाला, "मी सोडतो," म्हटलं, नको. बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, विचारत विचारत येईन. दोन बस बदलायच्या म्हणजे चार-पाच माणसांना तरी विचारावं लागेल आणि प्रत्येक जण उलट विचारेल, "आजी, कोणाकडे निघालात?" तेव्हा मोठ्याने सांगायची सवय करतेय. घरात फिरता फिरता म्हणते. नात हसते.

पिशवीत एक चादर असेल. मोठी, पांढरी, धुतलेली. नीळ बेताची आहे, वास घेऊन बघ. घडी घातलेली नाही.

तुझ्या दाराबाहेर उभी राहीन, दोन टोकं हातात धरून, आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर देईन. दोन महिने उशीर झाला. माझी गं माझी, टोकं धर तुझी. माझा गळा तुझ्यासारखा नाही, शेजारीपाजारी दारं उघडतील, सातशे नसले तरी सात जण तरी बघतील. बघू देत.

तुला ऐकू गेलं नाही, तर दुसऱ्यांदा म्हणेन, वरच्या पट्टीत.

तिसऱ्यांदा म्हणायचा आपल्यात नियम नाही. मग चादर जमिनीला लागू न देता एकटीच गोळा करीन, आणि बस विचारत परत जाईन.

बुटकी

(या वेळी अंगठ्याला शाई बेताची लावली आहे. ठसा नीट बघ. रेघा दिसतात, आणि त्यांच्या खाली पट्टासुद्धा. मुद्दाम मनगटापर्यंत शाई लावून टेकवलं.)